वाचकांचे प्रश्न: बाळाचं वरचं दूध

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं डब्याच्या दुधाबद्दल आहेत. उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून ती आधी घेतली. आईचं दूध मिळत असेल तर सहा महिने तेच पुरेसं, त्याबद्दल दुमत नाही. पण आई आजारी असते, जुळी होतात, कधी आईच नसते. अशा घरात डबा येतो आणि त्यासोबत सल्ले देणारी दहा माणसंही येतात. ही उत्तरं त्या घरांसाठी.

बाळ पाच आठवड्यांचं आहे. डब्यावर लिहिलंय की पाणी उकळून कोमट करा, मग पावडर घाला. पुण्याची नणंद म्हणते, पाणी चांगलं गरमच हवं. खरं काय? गरम पाण्यात गुठळ्याही होतात. (एक आई, पारोळा)

नणंदेचं बरोबर आहे. डब्यातली पावडर कोरडी आणि स्वच्छ दिसते, पण ती निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्महिने तग धरतात आणि कोमट पाणी मिळालं की भराभर वाढतात. असा संसर्ग क्वचित होतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला झाला तर मेंदूपर्यंत जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ साली मार्गदर्शक सूचना काढल्या: पावडर मिसळताना पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसावं. तेवढ्या उष्णतेत हे जंतू मरतात.

मग डब्यावर कोमट का लिहितात? एक तर तोंड भाजण्याची भीती. दुसरं, गरम पाण्यात काही जीवनसत्त्वं थोडी घटतात आणि काही पावडरींत मुद्दाम घातलेले उपयोगी जिवाणू मरतात. पाच आठवड्यांच्या बाळासाठी आमचा कौल गरम पाण्याला आहे. बाळाच्या डॉक्टरांना एकदा डबा दाखवून विचारा, म्हणजे घरातला वादही मिटेल.

थर्मामीटर नसला तरी ७० अंश साधता येतात. किमान एक लिटर पाणी उभट भांड्यात खळखळून उकळा, गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. कपभर पाणी उकळलं किंवा पसरट पातेल्यात ठेवलं तर ते बघता बघता निवतं, म्हणून पाणी कमी लागणार असलं तरी एक लिटरच उकळा. तापाचा थर्मामीटर मात्र यात बुडवू नका. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि काचेचा असेल तर फुटून पारा बाहेर येतो.

आता क्रम. हात साबणाने धुवा. उकळून घेतलेल्या बाटलीत आधी पाणी मोजा, तेही बाटली सपाट ओट्यावर ठेवून, खूण डोळ्यांच्या रेषेत आणून. पाणी मोजल्यावरच पावडर घालायची. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, तुमच्या डब्यावर वेगळं असेल तर तेच पाळा. म्हणजे १२० मिली पाण्याला चार चमचे. तयार दूध १२० च्या खुणेच्या थोडं वर जातं, ते तसंच बरोबर आहे. याउलट आधी पावडर टाकून मग १२० च्या खुणेपर्यंत पाणी भरलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. ही चूक आम्हाला पत्रांतून सगळ्यात जास्त दिसते.

चमचा त्याच डब्यातला हवा. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात टाकू नका, मापं वेगळी असतात. पावडर चमच्यात दाबू नका, आपटून बसवू नका, स्वच्छ कोरड्या सुरीच्या पाठीने सपाट करा. चमचे मोठ्याने मोजा. रात्री तीनला "तिसरा की चौथा" हा प्रश्न हमखास पडतो. पडलाच तर ते दूध ओतून नव्याने करा.

गुठळ्या होतात त्या सगळी पावडर एकदम पडल्याने आणि लगेच न हलवल्याने. चमच्यामागून चमचा घाला, झाकण लावा, बाटली दोन्ही तळव्यांत धरून गोल फिरवा, मग हलवा. नंतर गार पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून निववा, पाणी बाटलीच्या मानेपर्यंत चढू देऊ नका. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, गरम लागायला नको. थेंबाची परीक्षा घेतल्याशिवाय एकही घोट नाही.

नातू दोन महिन्यांचा, वजन चार किलो. डबा पाच दिवसांत संपतो. इतकं परवडत नाही. शिवाय त्याची शी कडक होते. "दूध पातळ करी दे" असं शेजारणी म्हणतात. चार चमच्यांऐवजी तीन घातले तर चालेल का? (एक आजी, चोपडा)

आजी, नाही. आणि डबा पाच दिवसांत संपतोय हीच चांगली खूण आहे. हिशेब करून बघा.

या वयाच्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं. चार किलोला ६०० मिली. दिवसातून आठ वेळा पाजलं तर एका वेळी ७५ मिली. ४०० ग्रॅमच्या डब्यातून योग्य मापाने सुमारे तीन लिटर दूध होतं. तीन लिटर भागिले ६०० मिली म्हणजे पाच दिवस. बाळ सहा किलोचं झालं की रोज ९०० मिलीच्या आसपास लागेल आणि डबा जेमतेम तीन-सव्वातीन दिवस जाईल. आईचं दूध अजिबात नसताना चार किलोच्या बाळाचा डबा दहा दिवस पुरत असेल, तर ते बाळ निम्म्या पोटी झोपतंय असं समजा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना डबा उघडल्याची आणि संपल्याची तारीख सांगा, त्यावरून त्यांना बरंच कळतं.

पातळ दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, बाळ गपगार झोपतं, म्हणून ते मानवलं असं वाटतं. खरं तर कॅलरी आणि प्रथिनं कमी पडतात, वजन अडतं. त्याहून वाईट म्हणजे जादा पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. बाळ सुस्त होतं, अंग ढिलं पडतं, झटकेही येऊ शकतात. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं जादा पाणी लवकर बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून हे इतक्या झपाट्याने होतं.

घट्ट दूधही तितकंच वाईट. त्यात क्षार जास्त, पाणी कमी. बाळाला तहान लागते, ते रडतं, आपल्याला वाटतं भूक लागली, आपण आणखी घट्ट दूध देतो. हे चक्र मे महिन्यात दोन दिवसांत दवाखान्यात नेतं.

आता कडक शीबद्दल. घरात चमचा कोण भरतं आणि कसा भरतं, ते आधी बघा. शिगोशीग भरलेला चमचा हे कडक शीचं नेहमीचं कारण आहे. चमचे सपाट झाले की बऱ्याचदा फरक पडतो. डब्याच्या दुधावरच्या बाळाची शी आईच्या दुधावरच्या बाळापेक्षा घट्ट आणि कमी वेळा होते, हिरवटही असते. बाळ लाल होऊन कुंथतंय पण शी मऊ येतेय, तर तो त्रास नव्हे. शेळीच्या लेंडीसारख्या गोळ्या येत असतील, शीत रक्त दिसत असेल, पोट फुगत असेल, तर डॉक्टरांकडे जा. एरंडेल, घुटी, साबणाची कांडी हे काही नको. मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होते आणि तिच्यात बाळाचा श्वास अडतो.

पैशाचा प्रश्न खरा आहे. आईला थोडं तरी दूध येत असेल तर खाली धुळ्याच्या आईला दिलेलं उत्तर वाचा. डबा कमी करण्याचा तोच एक धोका नसलेला मार्ग आहे. आणखी एक सांगतो: दुकानदाराने महागातला डबा पुढे केला तर भुलू नका. पहिल्या सहा महिन्यांचा डबा, ज्यावर बहुधा १ हा आकडा असतो, तो साधा असला तरी पुरतो. फुकटचा नमुना कुणी हातात ठेवत असेल, मग ते दुकान असो की दवाखाना, तर तो कायद्याने गुन्हा आहे. १९९२ चा हा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं ते त्याच कायद्यामुळे.

अखाजीला माहेरी अमळनेरला जायचंय. नाशिकहून सहा तास तरी धरावे लागतात. बाळ तीन महिन्यांचं. दूध करून थर्मासमध्ये नेलं तर? आणि या उन्हात वरून पाणी पाजायचं का? (एक आई, नाशिक)

तयार दूध थर्मासमध्ये कधीच नाही. थर्मास दूध तासन्तास ऊबदार ठेवतो आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं.

थर्मासमध्ये पाणी न्या. आधी रिकामा थर्मास उकळत्या पाण्याने विसळून गरम करा, मग उकळतं पाणी काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. उकळून घेतलेल्या, झाकण लावलेल्या रिकाम्या बाटल्या तीन घ्या, लहानग्या कोरड्या डब्यांत एकेका वेळची पावडर मोजून घ्या. सोबत एक रुंद स्टीलचा डबा आणि गार पाण्याची बाटली, दूध निववायला. बाळ रडायला लागल्यावर करायला घेतलं तर निवेपर्यंत गाडीभर गोंधळ होतो, म्हणून वेळेच्या दहा मिनिटं आधीच सुरुवात करा. निघायच्या दोन-चार दिवस आधी घरी चाचणी घ्या: भरलेल्या थर्मासमधलं पाणी सहा तासांनी वाटीत ओतल्यावर भरपूर वाफा निघायला हव्यात आणि बोट टेकवताच झटकन मागे यायला हवं. नुसतं कोमट लागलं तर तो थर्मास प्रवासाला नेऊ नका, किंवा वाटेत चहाच्या टपरीवर डोळ्यांसमोर खळखळ उकळलेलं पाणी भरून घ्या.

तयार केलेलं दूध बाहेर दोन तासांपर्यंत चालतं असं सांगतात. पण ते साधारण हवेचं माप आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, बंद गाडीत त्याहून वर. हे जंतू सगळ्यात वेगाने वाढतात ते ३७ ते ४३ अंशांत, म्हणजे नेमक्या आपल्या दुपारच्या हवेत. तेव्हा केलं की पाजा. बाळाने तोंड लावलेली बाटली एका तासात संपली नाही तर उरलेलं ओता, कारण लाळेतले जंतू आत गेलेले असतात. जीव तुटतो ओतताना, म्हणून ९० लागतं तिथे १२० करू नका, हवं तर पुन्हा ३० करा.

घरी फ्रीजचा आधार घेत असाल तर केलेलं दूध लगेच निववून मागच्या बाजूला, पाच अंशांखाली, २४ तासांपर्यंत राहतं. दारातल्या कप्प्यात नको. भारनियमनात फ्रीज दोन-तीन तास बंद राहत असेल, तर हा पर्याय आपल्यासाठी नाहीच.

पाणी? आईच्या दुधावरच्या बाळाला सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, कितीही ऊन असो. डब्यावरच्या बाळाला बरोबर मापाच्या दुधातून पाणी मिळतं. उन्हाळ्यात थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजा. वेगळं उकळून गार केलेलं पाणी द्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारून आणि चमच्याने. दुधात मिसळून नव्हे. चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओले होत असतील तर पाणी पुरतंय. शू कमी आणि गडद, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, अशी लक्षणं दिसली तर पंखा लावून वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

आमच्या मळ्यात बोअरचं पाणी आहे. भोवती सगळी केळी. पाणी उकळूनच वापरतो. तेवढं पुरे ना? (एक वडील, रावेर)

जंतूंसाठी पुरे. नायट्रेटसाठी नाही, उलट उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं.

केळी आणि कपाशीला पडणारा युरिया, शेणखताचे उकिरडे, शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा प्रश्न मोठा असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत जळगावचं नाव आहे. मोठ्या माणसाला त्याचा त्रास लगेच जाणवत नाही. पण डब्याच्या दुधावरचं बाळ वजनाच्या मानाने खूप पाणी पितं, आणि सहा महिन्यांच्या आत नायट्रेटमुळे त्याचं रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसतात, दम लागतो. असं दिसलं तर तातडीने दवाखान्यात न्या आणि बोअरच्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा, डॉक्टरांना त्याने निदान लवकर होतं.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुरटी, कापडाची गाळणी, कँडल, नुसता यूव्ही यांपैकी कशानेही ते निघत नाही. चांगल्या स्थितीतल्या आरओने बरंच कमी होतं. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. निकाल येईपर्यंत बाळापुरतं तरी पाणी तपासलेल्या सार्वजनिक योजनेच्या नळावरून आणा. आरओचं किंवा जारचं पाणी असलं तरी पावडर मिसळण्याआधी उकळायचंच, कारण जार कुठे भरला, कशाने धुतला, ते आपल्याला दिसत नाही.

बाटली बरी की वाटी-चमचा? सासूबाई बोंडल्याने पाजा म्हणतात. (एक आई, साक्री)

सासूबाईंच्या बाजूने मत. बोंडलं, वाटी-चमचा किंवा लहान पेला यांना अरुंद मान नाही, निपल नाही, कानेकोपरे नाहीत. घासून धुता येतं, मळ दिसतो. बाटलीच्या निपलच्या घडीत आणि झाकणाच्या आट्यांत दुधाचा पापुद्रा बसतो आणि तिथेच जंतू घर करतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सवय लागून ते स्तन धरत नाही, तो त्रासही वाटी-चमच्याने टळतो. तोटा एकच, वेळ लागतो. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा, थोडं थोडं सोडा, घशात ओतू नका. माप मात्र वाटीने घेऊ नका, वाट्या घरोघर वेगळ्या. मोजण्यापुरती खुणांची बाटली ठेवा.

बाटलीच वापरणार असाल तर आयएसआय खुणेची घ्या. पाजून झालं की लगेच सुटी करा, साबण आणि ब्रशने घासा, निपल उलटं करून आतून धुवा. मग मोठ्या पातेल्यात सगळे भाग पूर्ण बुडतील असे ठेवा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, पाणी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं मोजा. बाहेर काढल्यावर फडक्याने पुसू नका. आपल्या पाण्याचा पांढरा क्षार बाटलीवर चढतो, त्यात जंतू लपतात. आठवड्यातून एकदा थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, घासा, खळखळून धुवा आणि पुन्हा उकळा.

निपलचं भोक तापलेल्या सुईने मोठं करू नका. बाटली उलटी केल्यावर सेकंदाला एखादा थेंब पडावा, धार नको. आणि झोळीत झोपलेल्या बाळाच्या तोंडात उशीच्या आधाराने बाटली लावून ठेवणं आजच बंद करा. त्याने ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जातं, कान फुटतात. बाळाला मांडीवर, डोकं वर धरून पाजा आणि मग खांद्यावर घेऊन ढेकर काढा.

डब्याऐवजी घरच्या गायीचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून? (वाचक, शहादा)

वर्षाच्या आत नाही. लोह कमी, प्रथिनं आणि क्षार जास्त. पाणी घातल्याने क्षार उतरतात, पण कॅलरीही उतरतात आणि लोह येत नाही.

सिझर झालं, पहिले दहा दिवस डबाच दिला. आता बाळ महिन्याचं आहे, अंगावर थोडं पितं. डबा बंद करता येईल का? (एक आई, धुळे)

बऱ्याच जणींना येतो, पण एकदम नव्हे. दूध मागणीवर तयार होतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा आधी छातीला लावा, दोन्ही बाजूंनी, आणि त्यानंतरच वरचं दूध द्या, तेही वाटी-चमच्याने. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरून बसा.

आठवडाभरात गिळल्याचा आवाज येऊ लागला की वरच्या दुधाच्या दिवसभराच्या मापातून ३० ते ५० मिली कमी करा, दोन-तीन दिवस थांबा, लंगोट मोजा, मग पुढचं कमी करा. दर आठवड्याला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात त्याच काट्यावर वजन करा आणि कार्डावर लिहून घ्या. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीड-दोनशे ग्रॅम वाढ हवी. वाढ अडली तर वरचं दूध पुन्हा आधीच्या मापावर न्या आणि डॉक्टरांना भेटा. चमचे कमी करून डबा सोडवायचा नसतो, पाणी आणि पावडर दोन्ही त्याच प्रमाणात कमी होतात. दूध कमी केलं तरी दाटपणा तोच राहिला पाहिजे.

उघडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवायचा का? (वाचक, नंदुरबार)

नको. आत-बाहेर करताना दमट होतो आणि पावडर धरते. कोरड्या, सावलीच्या जागी, गॅसपासून लांब, झाकण घट्ट लावून ठेवा. चमचा धुतला असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय आत टाकू नका. उघडल्यापासून तीन-चार आठवड्यांत, किंवा डब्यावर मुदत कमी दिली असेल तर तेवढ्यात संपवा. उघडल्याची तारीख पेनाने डब्याच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.